कागद, अंगठा आणि पडदा

तुंगार्लीच्या धरणावर उभं राहिलं की खाली लोणावळं पसरलेलं दिसतं आणि त्याच्या कडेला वलवणच्या जलाशयाचं पाणी. राजमाचीला पायी जाणारे इथूनच पुढची वाट धरतात. पावसाळ्यात मुंबई-पुण्याची गर्दी याच पाण्याचे फोटो काढत हिंडत असते. पण वलवणचं पाणी साठवलं ते कामासाठी. ८ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते टाटांच्या जलविद्युत योजनेची कोनशिला लोणावळ्यात बसली. चार वर्षांनी, १९१५ साली, लोणावळा, वलवण आणि शिरोता या तलावांचं पाणी लोखंडी नळांतून पाचशे मीटरहून अधिक खोल, घाटाखाली खोपोलीला उतरू लागलं. तिथे जन्मलेली वीज तारांवरून मुंबईला गेली आणि कापड गिरण्यांतले माग तिच्यावर फिरू लागले.

माणसंही त्याच दिशेनं गेली. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ साली पुरा झाला, तेव्हापासून देशावरच्या गावांतून उठलेला कुणबी गाडीत बसला की संध्याकाळपर्यंत मुंबईत पोचत असे. गावात त्याची जमीन असे, किंवा नुकतीच गेलेली असे. जमीन जाण्यापासून गिरणीच्या फाटकापर्यंतचा हा प्रवास विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतका रुळलेला होता, की त्यात गोष्ट म्हणून सांगण्यासारखं काही आहे असं फारसं कुणाला वाटलं नाही. नाटकवाल्यांना वाटलं नाही, सिनेमावाल्यांना तर नाहीच. सिनेमा तेव्हा देवादिकांचा आणि राजेरजवाड्यांचा होता.

१९२५ साली कोल्हापुरातल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनं हीच गोष्ट पडद्यावर आणली. चित्रपटाचं नाव ‘सावकारी पाश’. दिग्दर्शक बाबूराव पेंटर, कथा नारायण हरी आपटे यांची. एका शेतकऱ्याची जमीन सावकार लबाडीनं गिळतो. शेतकरी उघड्यावर येतो, गाव सोडतो आणि शहरात जाऊन गिरणी कामगार होतो. सावकाराचं काम झुंझारराव पवारांनी केलं होतं. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत तेविशीतले शांताराम वणकुद्रे होते, जे पुढे व्ही. शांताराम म्हणून ओळखले गेले. कमलादेवीही या चित्रपटात होत्या.

भारतीय चित्रपटाच्या इतिहासात ‘सावकारी पाश’ची नोंद पहिला वास्तववादी चित्रपट अशी होते. नोंद रास्त आहे, पण ती फार थोडं सांगते. संपत्ती, फसवणूक आणि त्यातून मोडून पडलेला माणूस या विषयावर जगभर मूकपट निघत होते. कोल्हापूरच्या या मूकपटाचं वेगळेपण असं, की त्यातला विश्वासघात बंदुकीनं, विषानं किंवा परस्त्रीच्या मोहानं होत नाही. तो होतो एका कागदावर. आणि ज्याचा घात होतो त्याला तो कागद वाचता येत नाही.

या कागदाचा इतिहास चित्रपटाच्या सहासष्ट वर्षं आधीपासून सुरू होतो आणि पुणे जिल्ह्यात तो फार ठळकपणे दिसतो.

१८५९ साली इंग्रज सरकारनं मुदतीचा कायदा केला. कर्जरोखा तीन वर्षांपुरताच ग्राह्य धरायचा, म्हणजे व्याज साचत जाणार नाही, असा त्यामागचा हेतू. घडलं भलतंच. तीन वर्षं भरत आली की सावकार कुळाला बोलावून घेई. जुन्या रोख्यातलं मुद्दल आणि चढलेलं व्याज एकत्र करून त्याचं नवं मुद्दल बने आणि नव्या रोख्यावर कुळाचा अंगठा उठे. शेकडा दरमहा दोन रुपये दरानं शंभर रुपये घेतले असं धरू. पहिल्या तीन वर्षांचं व्याज बहात्तर, म्हणजे नवा रोखा एकशे बहात्तरचा. पुढच्या तीन वर्षांनी तो जवळजवळ दोनशे शहाण्णवचा होतो आणि नऊ वर्षं भरताना पाचशे नऊचा. मूळ शंभरावर एक पैसाही जास्तीचा न घेता! जुन्या रिवाजात दामदुप्पट नावाचा लगाम होता. व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नसे. तीन-तीन वर्षांनी मुद्दलच नवं होऊ लागल्यावर तो लगाम धरायचा कशाला?

त्यात अमेरिकेतलं यादवी युद्ध आलं. १८६१ ते १८६५ या काळात इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा दख्खनच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारानं हात सैल सोडला. युद्ध संपलं, भाव कोसळले, त्याच सुमारास फेरआकारणीत सारा वाढला. कुळाला पैसा हवा होता तेव्हाच सावकारानं मूठ आवळली.

डिसेंबर १८७४मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावात काळूराम नावाच्या सावकारानं दीडशे रुपयांच्या येण्यापोटी बाबासाहेब देशमुखांवर हुकूमनामा मिळवला आणि त्यांचं घर पाडलं. गावानं सावकारांवर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात उद्रेक झाला. तिथून पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत तो पसरला. या दंग्यांची सर्वांत लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की जमावाला माणसं मारायची नव्हती. त्यांना रोखे हवे होते. सावकारानं दप्तर काढून दिलं की भर चौकात त्याची होळी होई आणि पुष्कळ ठिकाणी प्रकरण तिथेच थांबे. निरक्षर माणसानं अक्षरांवर काढलेला हा राग होता. आपल्याला कशानं बांधलं आहे हे त्याला नेमकं कळलेलं होतं.

सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी सवलतींचा कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत तो लागू झाला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं आणि रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायचा अधिकार न्यायाधीशांना मिळाला. चांगला कायदा होता तो. सावकारानं त्यावरही तोड काढली. रोखा किंवा गहाणखत करण्याऐवजी तो थेट खरेदीखतच करून घेऊ लागला. ‘पैसे फेडलेस की जमीन परत’ हे फक्त तोंडी. कागद म्हणे विक्री झाली, बोली म्हणे गहाण आहे. कोर्टात कागद चाले. चार वर्षांनी जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून या सगळ्या यंत्रणेचा, कारकुनापासून वकिलापर्यंत, पंचनामा केला.

नारायण हरी आपटे सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावचे. त्यांच्या नावाची हरी नारायण आपट्यांशी अजूनही गल्लत होते, आणि ‘सावकारी पाश’चं श्रेयही कधीकधी त्या वडीलधाऱ्या कादंबरीकाराला दिलं जातं. हरिभाऊ १९१९ सालीच वारले होते. ना. ह. आपटे वेगळे: लोकप्रिय, भरपूर लिहिणारे, संसाराच्या आणि पैशाच्या कोंडीत सापडलेल्या माणसांबद्दल लिहिणारे. पुढे त्यांच्याच ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून १९३७ साली प्रभातचा ‘कुंकू’ झाला. त्यातही पैशासाठी मामा भाचीला फसवतो आणि तिचं लग्न म्हाताऱ्या विधुराशी लावून देतो. जमीन असो की पोरगी, ज्याच्यावर विसंबायचं तोच सौदा करून मोकळा होतो. आपट्यांना हा घरातला, ओळखीतला दगा फार जवळून दिसत असे.

ओळख हीच इथे कळीची बाब आहे. अमेरिकेत डी. डब्ल्यू. ग्रिफिथनं १९०९ साली ‘अ कॉर्नर इन व्हीट’ हा छोटा मूकपट केला. गव्हाचा सगळा बाजार मुठीत धरणारा धनाढ्य, त्याच्या मेजवान्या आणि पावासाठी रांगेत उभे राहिलेले गरीब अशी दृश्यं त्यानं एकाला एक भिडवून दाखवली. हा धनाढ्य शेवटी आपल्याच गव्हाच्या कोठारात पडून, धान्याखाली गाडला जाऊन मरतो. ग्रिफिथच्या चित्रपटात लुटणारा आणि लुटला जाणारा यांची कधी गाठच पडत नाही. मराठी मुलखातला सावकार असा परका राहत नसे. तो गावातला किंवा शेजारच्या पेठेतला. लग्नाला पैसे देणारा, दुष्काळात दाणे देणारा, पोरांची नावं ठाऊक असलेला. कुळ त्याच्या ओसरीवर बसून त्याच्या तोंडचा हिशेब ऐके आणि अंगठा पुढे करी. इतका विश्वास असल्याशिवाय इतका मोठा घात शक्यच नव्हता.

आता मूकपटगृहाकडे वळू.

मूकपट पूर्णपणे मुका कधीच नव्हता. पडद्याखाली पेटी-तबला वाजे, आणि दृश्यांच्या मधूनमधून निवेदनाच्या पाट्या येत, बऱ्याचदा दोन-तीन भाषांत. प्रेक्षकांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नसे. मग कुणीतरी शिकलेला माणूस, कधी थिएटरनंच ठेवलेला, त्या पाट्या मोठ्यानं वाचून दाखवी आणि सगळं प्रेक्षागृह त्याच्या वाचण्यावर विसंबून पुढचं दृश्य समजून घेई. ‘सावकारी पाश’ पाहताना अशा प्रेक्षकापुढे काय उभं राहत असेल? पडद्यावर एक माणूस दुसऱ्यानं वाचून दाखवलेल्या कागदावर भरवसा ठेवतोय, आणि अंधारात बसलेला प्रेक्षक स्वतःही दुसऱ्याच्याच वाचनावर भरवसा ठेवून ते पाहतोय. शेतकऱ्याचं न कळणं या प्रेक्षकाला समजावून सांगावं लागत नव्हतं. ते त्याच्या अंगवळणीच पडलेलं होतं. हा विषय बोलपटापेक्षा मूकपटात जास्त खोल जाऊ शकला असता तो याच कारणानं, असं ठामपणे म्हणावंसं वाटतं.

बाबूराव पेंटर स्वतः फार शिकलेले नव्हते. बाबूराव कृष्णराव मिस्त्री हे त्यांचं मूळ नाव. जन्म कोल्हापूरचा, ३ जून १८९०चा. घरात हातकाम होतं आणि बाबूराव आपलं आपण शिकत चित्रकार, शिल्पकार, यंत्रं जुळवणारे असं सगळंच झाले. नात्यातले भाऊ आनंदराव यांच्याबरोबर त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले, त्यावरून दोघांना पेंटर हे नाव पडलं. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला आणि दोघांच्या डोक्यात सिनेमा शिरला. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून स्वतःचा कॅमेरा घडवला आणि कंपनी उभी केली. सुरुवातीचं भांडवल तानीबाई कागलकर या गायिकेनं दिलं, पाठीशी शाहू महाराजांचा आधार होता. १९२० सालच्या पहिल्याच ‘सैरंध्री’नं पुण्याचं आर्यन थिएटर गाजवलं. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटल्याचं सांगितलं जातं.

आयुष्यभर कापडावर राजवाडे रंगवलेल्या या माणसानं सिनेमात आल्यावर रंगवलेले पडदे बाजूला ठेवले. त्यांच्या चित्रपटांत खांब खरे, पायऱ्या खऱ्या, उंची-खोली खरी. चित्रीकरणाआधी ते वेषभूषेची, नेपथ्याची, माणसाच्या उभं राहण्याची चित्रं काढत. ‘सिंहगड’साठी (१९२३) त्यांनी रात्रीचा प्रसंग कृत्रिम उजेडात टिपला, त्या काळी आपल्याकडे चित्रीकरण सूर्यावर आणि पत्र्याच्या परावर्तकांवर चालत असे. उजेडावर एवढा ताबा मिळवलेल्या कलावंतानं तो ताबा राजवाड्याऐवजी झोपडीवर वापरायचं ठरवलं, हे ‘सावकारी पाश’चं खरं धाडस. झोपडीत चमकण्यासारखं काहीच नसतं. तिथे काळोखच रचावा लागतो.

मोडलेला माणूस शब्दांवाचून दाखवायचा कसा, हा प्रश्न तेव्हा जगातल्या सगळ्याच मोठ्या दिग्दर्शकांपुढे होता. जर्मनीत एफ. डब्ल्यू. मुर्नाऊनं १९२४ साली ‘द लास्ट लाफ’ केला. मोठ्या हॉटेलचा म्हातारा दारवान वयामुळे त्या कामावरून निघतो आणि स्वच्छतागृहात सेवक होतो. त्याचा झळाळता गणवेश जातो, त्याच्याबरोबर शेजाऱ्यापाजाऱ्यांतला त्याचा मान जातो, आणि एमिल यानिंग्सच्या खांद्यांतून तो मान निघून जाताना दिसतो. जवळजवळ एकही निवेदनपाटी न वापरता. त्याच वर्षी अमेरिकेत एरिक फॉन श्ट्रोहाइमचा ‘ग्रीड’ आला. सोडतीत लागलेले पाच हजार डॉलर एका जोडप्याला आणि त्यांच्या मित्राला कसे पोखरून काढतात त्याची ती कथा. शेवट चित्रित करायला श्ट्रोहाइम कलावंतांना घेऊन डेथ व्हॅलीच्या वाळवंटात गेला. त्याच्या मनातला चित्रपट सात-आठ तासांहून लांब होता. कंपनीनं कापून तो सुमारे दोन तासांचा केला.

‘ग्रीड’मध्ये पैसा ज्याला मिळतो त्याचंच मन सडवतो. ‘सावकारी पाश’ची मांडणी उलटी आहे. ज्याच्याकडे पैसा येतो तो धडधाकट, आणि कोसळतो तो ज्याचं सर्वस्व गेलं तो. मुर्नाऊच्या दारवानाशी कोल्हापूरच्या शेतकऱ्याचं नातं जास्त जवळचं. एकाचा गणवेश, एकाचं वावर. दोघांचंही गेलेलं असतं ते गावातलं, चाळीतलं, लोकांच्या डोळ्यांतलं स्थान. कुणब्याला वावर म्हणजे केवळ उत्पन्न नव्हतं. पंगतीत कुठे बसायचं, पोरीसाठी कुठल्या घराकडे पाहायचं, हे त्यावर ठरे. ते गेल्यावर गावात राहणं मेल्याहून मेल्यासारखं होई, म्हणून माणूस गाडीत बसे.

चित्रपट आला त्या वर्षी मुंबईत त्याची वाट कोण पाहत होतं? १९२५च्या सप्टेंबरात गिरणीमालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात केली. गिरण्या बंद पडल्या आणि संप डिसेंबरापर्यंत चालला. कापडावरचा अबकारी कर सरकारनं स्थगित केला, तेव्हा कुठे कपात मागे घेतली गेली. संपाच्या काळात हजारो कामगार आपापल्या गावी परतले. ज्यांच्या नावावर काहीतरी शिल्लक होतं त्यांना परतायला जागा होती. ‘सावकारी पाश’मधल्या शेतकऱ्यासारख्यांना तीही नव्हती.

मावळ-मुळशीच्या माणसाला तर सावकाराच्या जोडीला आणखी मोठा सावकार भेटला होता. लोणावळ्याच्या तलावांपाठोपाठ आंदर मावळात ठोकळवाडीचं धरण झालं, आणि नीला-मुळेच्या संगमावर मुळशीचं धरण आखलं गेलं. पन्नासहून अधिक गावं आणि आंबेमोहोर भाताची खाचरं पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सुमारे बाराशे मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापट, शंकरराव देव, विनायकराव भुस्कुटे ही पुढारी मंडळी होती. ‘सेनापती’ हे बापटांचं नाव याच लढ्यातलं.

मुळशीच्या लढ्यातली सर्वांत दुखरी जागा धरण बांधणाऱ्या टाटा कंपनीच्या आणि सरकारच्या बाजूला नव्हती. तिथल्या पुष्कळशा जमिनीची मालकी कागदोपत्री पुण्यातल्या सावकारांची आणि जमीनमालकांची होती. मावळे ती कसत होते, कैक जण पूर्वी आपलीच असलेली जमीन कुळ म्हणून कसत होते. मोबदल्याचा प्रश्न आला तेव्हा पुण्यातले मालक पैसे घ्यायला राजी झाले. कसणारे म्हणत राहिले, जान किंवा जमीन. फूट पडली. १९२४च्या अखेरीस बापटांनी कामाची रेल्वे अडवली, त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली, आणि धरण पुरं झालं. खालच्या भिरा वीजघरातून १९२७ साली वीज निघाली. चित्रपट मुळशीवर नव्हता. पण पुण्यातला जो प्रेक्षक केसरीत सत्याग्रहाच्या बातम्या वाचत होता, किंवा वाचून घेत होता, त्याला पडद्यावरचा कागद कुठून आला आहे हे वेगळं सांगायला नको होतं.

तरीही ‘सावकारी पाश’ चालला नाही.

या अपयशाचं एक कारण नेहमी दिलं जातं: लोकांना कृष्ण, भीम आणि शिवाजी हवे होते. ते खरंच आहे. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा प्रेक्षक ‘सैरंध्री’तला कीचकवध आणि ‘सिंहगड’वरचा तानाजी पाहून घडला होता. त्या चित्रपटांत अन्याय करणारा शेवटी मारला जाई. ‘सावकारी पाश’मध्ये भीम यायचा नव्हता. ज्यानं दिवसभर हेच भोगलं त्यानं रात्री पैसे मोजून पुन्हा हेच का पाहावं, हा प्रश्न त्याच्या बाजूनं अगदी न्याय्य होता. आणि ज्यांच्याजवळ चित्रपटगृहं, वितरण आणि भांडवल होतं, त्या व्यापारी वर्गाला असा सावकार पडद्यावर पाहणं किती रुचलं असेल, याचाही विचार इतिहासकारांनी करायला हवा. बाबूराव पुन्हा पौराणिक-ऐतिहासिक विषयांकडे वळले.

कंपनीही फार टिकली नाही. बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेले शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णींच्या भांडवलावर १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. गुरूला सोडून जाणं चौघांनाही सोपं गेलं नसणार. काही वर्षांत महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली, प्रभात १९३३ साली पुण्याला गेली आणि देशभर गाजली. पुढे १९४७ साली ‘लोकशाहीर रामजोशी’च्या श्रेयनामावलीत दिग्दर्शक म्हणून बाबूराव आणि शांताराम अशी दोघांची नावं एकत्र आली. त्या एका ओळीत बरंच काही भरून निघालं असावं.

त्याआधी, १९३६ साली, बाबूरावांनी कोल्हापूरच्या शालिनी सिनेटोनसाठी ‘सावकारी पाश’ दुसऱ्यांदा केला, या वेळी आवाजासह. अकरा वर्षांपूर्वी न चाललेला विषय माणूस पुन्हा हाती घेतो, यावरून तो विषय त्याच्या मनात किती रुतला होता ते कळतं. चंद्रकांत मांडरे याच चित्रपटातून पडद्यावर आले. वाडिया मूव्हिटोनचे जे. बी. एच. वाडिया यांना या बोलपटातलं एक दृश्य पुढे कित्येक वर्षं आठवत राहिलं: दुरून दिसणारी उदास झोपडी, मंद उजेड आणि कुत्र्याचं विव्हळणं. साहसपटांसाठी प्रसिद्ध असलेल्या निर्मात्याच्या मनात इतकं शांत दृश्य घर करून राहिलं. संवाद हाताशी असतानाही बाबूरावांनी दुःख माणसाच्या तोंडी घातलं नाही.

पुढच्या हिंदी चित्रपटानं हा धागा उचलला. मेहबूब खान यांच्या ‘मदर इंडिया’तल्या (१९५७) सुखीलालाची वही निरक्षर राधाच्या कुटुंबाला पिढ्यान्‌पिढ्या बांधून ठेवते, आणि तिचा मुलगा बिरजू ती वह्यांची भानगड संपवायलाच निघतो. बिमल रॉय यांच्या ‘दो बीघा जमीन’मधला (१९५३) शंभू महातो जमीन वाचवायला कलकत्त्यात रिक्षा ओढतो. शहर वेगळं, काम वेगळं; गावातून निघायचं कारण तेच. यांपैकी कुणी १९२५चा मूकपट पाहून हे केलं असा दावा करता येत नाही, आणि करायची गरजही नाही. खतावणी जिवंत होती तोवर तिच्यावर चित्रपट निघत राहणारच होते. मुंबई राज्यात सावकारीवरचा कायदा १९४६-४७मध्ये झाला, आणि महाराष्ट्रात त्याची जागा घेणारा नवा कायदा २०१४ साली. अवैध सावकारानं कर्जापोटी बळकावलेली जमीन शेतकऱ्याला परत देण्याची तरतूद त्यात आहे. कर्ज म्हणून दिलेल्या पैशावर खरेदीखत करून घेण्याची एकोणिसाव्या शतकातली युक्ती एकविसाव्या शतकातल्या कायद्याला नाव घेऊन अडवावी लागली, इतकी ती चिवट निघाली.

मूळ मूकपट आज पाहायला मिळत नाही. भारतात तयार झालेल्या सुमारे तेराशे मूकपटांपैकी तीसच्या आसपासच पूर्ण किंवा तुकड्यांत उरले आहेत. बाबूरावांच्या कंपनीचे ‘मुरलीवाला’ आणि ‘सती सावित्री’ (दोन्ही १९२७) त्यांत आहेत, हे आपलं भाग्य. ‘सावकारी पाश’ त्यांत नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची. आपोआप सडणारी, आणि एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहणारी. कित्येक चित्रपट त्यातली चांदी काढण्यासाठी वितळवले गेले. उरलेल्यांपैकी बऱ्याच प्रती जानेवारी २००३मध्ये पुण्यात नायट्रेटच्या साठ्याला लागलेल्या आगीत गेल्या.

पण हरवलेले चित्रपट सापडतातही. कलकत्त्याच्या मादन थिएटर्सचा १९१९चा ‘बिल्वमंगल’ गेला म्हणून सगळ्यांनी धरलं होतं. त्याचा काही भाग पॅरिसच्या चित्रपट संग्रहालयात निघाला आणि २०१६ साली पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला मिळाला. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या जुन्या वाड्यांत, बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजच्या सामानात, एखाद्या वितरकाच्या नातवाच्या माळ्यावर गंजलेला, चपटा, गोल डबा आजही असू शकतो. तो सापडला तर झाकण उचकटू नये, उन्हात किंवा विस्तवाजवळ ठेवू नये, फिल्म उलगडून पाहण्याच्या मोहात पडू नये. थंड, कोरड्या जागी ठेवावा आणि पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरच्या संग्रहालयाला कळवावं. डबा आधीच उघडा असेल आणि फिल्म चिकट होऊन तपकिरी पूड सुटायला लागली असेल तर दिवस थोडे उरले आहेत असं समजावं, आणि कळवायला उशीर करू नये.